एका टोपलीची माती
(तुर्भे येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण उन्हाविषयी आणि हवेविषयी बोलणार आहोत. "पृथ्वी तापते आहे," हे तुम्ही हल्ली रेडिओवर आणि टीव्हीवर वरचेवर ऐकता. ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते, "हे मोठ्या लोकांचे बोलणे. माझ्या घरी दोन दिवे आणि एक पंखा. मी एक दिवा विझवला म्हणून जग काय थंड होणार आहे?"

प्रश्न रास्त आहे. त्याला खरे उत्तर दिले पाहिजे. नुसता उपदेश करून भागणार नाही. म्हणून आधी पृथ्वी तापते कशी, ते पाहू.

हवेची गोधडी

थंडीच्या दिवसांत आपण गोधडी पांघरतो. गोधडी स्वतः गरम नसते. ती आपल्या अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. पृथ्वीभोवती हवेची अशीच एक गोधडी आहे. सूर्य पृथ्वीला तापवतो. ती ऊब पुन्हा वर आकाशात निघून जायला बघते. हवेतले काही वायू तिला अडवतात. त्यांत कर्बवायू महत्त्वाचा. मुलांच्या पुस्तकात त्यालाच कार्बन डायऑक्साइड म्हणतात.

ही गोधडी मुळीच नसती, तर पृथ्वी बर्फासारखी गार पडली असती. तेव्हा गोधडी वाईट नाही. पण ती जाड होत चालली आहे, हे वाईट. कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल जाळले की कर्बवायू निघतो. जंगल तोडून जाळले तरी तोच निघतो. अडीचशे वर्षांपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. म्हणजे दीडपट झाले.

त्या मानाने उष्णताही वाढली. २०२४ हे साल, मोजमाप सुरू झाल्यापासून, सर्वांत उष्ण ठरले. त्या साली पृथ्वीचे सरासरी तापमान जुन्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होते. "दीड अंश म्हणजे काय मोठेसे?" असे म्हणू नका. माणसाच्या अंगात दीड अंश ताप चढला, तर तो अंथरूण धरतो.

आपल्या दाराशी काय आले?

आपले तुर्भे खाडीकाठचे. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर. पृथ्वी तापली की समुद्राचे पाणी फुगते. शिवाय डोंगरावरचे बर्फ वितळून समुद्रात येते. १९०० सालापासून जगातल्या समुद्राची पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली आहे. २० सेंटिमीटर म्हणजे जवळ जवळ एक वीत. अवसे-पुनवेच्या उधाणाला एक वीत पाणी जास्त म्हणजे काय, हे खाडीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता पाऊस. गरम हवा जास्त वाफ धरून ठेवते. मग पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. २६ जुलै २००५ चा दिवस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी सपाट जागी जसेच्या तसे साठले असते, तर पुरुषाच्या कमरेला लागले असते.

आणि ऊन. १६ एप्रिल २०२३ रोजी, आपल्या जवळच्या खारघरला, उघड्या मैदानात मोठा समुदाय जमला होता. भर उन्हात लोक बसले. उष्माघाताने १४ माणसे दगावली.

त्या एका दिवसाच्या पावसाचे किंवा उन्हाचे सारे खापर हवेतल्या बदलावर फोडणे बरोबर नाही. पण असे दिवस आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा येणार, असे शास्त्रज्ञ सांगतात. ते दिवस कोणाला आधी भोवतात? गार खोलीत बसणाऱ्याला नव्हे. बाजारात पोती उचलणाऱ्या माथाड्याला. खाणीत खडी फोडणाऱ्याला. नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्याला. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला. पत्र्याच्या घरात तान्हे मूल घेऊन बसलेल्या आईला.

दोष कोणाचा?

हे स्पष्टच बोलले पाहिजे. सर्वांचा दोष सारखा नाही. कोळसा, तेल आणि गॅस जाळून जो कर्बवायू निघतो, तो माणशी वाटला, तर भारतातल्या माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २ टन येतो. अमेरिकेतल्या माणसाच्या वाट्याला सुमारे १४ टन येतो. आपल्या देशातही ज्याच्या दारी दोन मोटारी आणि प्रत्येक खोलीत गारव्याचे यंत्र, त्याचा वाटा वेगळा; आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याचा वेगळा.

म्हणजे दोष आपला थोडा आणि भोग मात्र जास्त. हा अन्याय आहे. मोठ्यांनी मोठा भार उचललाच पाहिजे. २०१५ साली पॅरिसला जगातल्या राष्ट्रांनी करार केला. तापमानाची वाढ दोन अंशांच्या बरीच आत ठेवायची आणि दीड अंशावर रोखण्याची खटपट करायची, असे ठरले. आपल्या देशानेही २०२१ साली शब्द दिला आहे. २०७० सालापर्यंत, जेवढा कर्बवायू सोडू तेवढा परत शोषून घेऊ, असा तो शब्द आहे.

मग सरकारे बघून घेतील, आपण हातावर हात ठेवून बसावे का? याचे उत्तर तुमच्या वाडवडिलांनी फार पूर्वी दिले आहे.

बांध कोणी धरला?

१९७० साली सिडको स्थापन झाली. त्यानंतर इथे शहर उभे राहिले. त्याआधी हा सारा भाग भाताचा आणि मिठाचा. खाडीलगत खारभूमीची शेते होती. खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे लांब बांध होते. उधाणात बांधाला खांड पडली की पाणी शेतात शिरे. एकदा खारे पाणी शिरले की पुढे काही वर्षे भात धड येत नसे. म्हणून खांड पडली की ती एका घरची गोष्ट राहत नसे. घरटी माणूस टोपली घेऊन धावे.

एका टोपलीने समुद्र अडला का? नाही. पण टोपल्यांवाचून अडला का? तेही नाही.

या बांधात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. खांड लहान असते तेव्हा थोड्या टोपल्यांत भागते. उशीर केला की शंभर टोपल्या वाहून जातात. ही एक. आणि दुसरी अशी, की जो आपल्या वाट्याचे काम करीत नाही, त्याला जाब विचारावा लागतो. पण दुसऱ्याला जाब विचारायचा, तर आपली टोपली आधी बांधावर पडलेली असावी.

तेव्हा दिव्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. एका घरच्या दिव्याने जग थंड होणार नाही. जे तापले आहे, तेही लवकर निवणार नाही. पण तापण्याचा वेग कमी करता येतो. तो पुष्कळांनी मिळूनच कमी होतो.

आपली टोपली कोणती?

पहिली टोपली विजेची. महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळसा जाळून होते. अशी एक युनिट वीज करताना सुमारे एक किलो कर्बवायू हवेत जातो. आता हिशेब मांडा. ६० वॉटचा जुना पिवळा दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला ९ युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटसुद्धा खात नाही. वर्षाला सुमारे ९० युनिट वाचली. म्हणजे ९० किलो कर्बवायू वाचला. धडधाकट माणसाच्या वजनापेक्षा हे जास्त झाले. शिवाय बिलातले पैसे वाचले, ते निराळेच.

हे दिवे सरकारी योजनेतून २०१५ पासून स्वस्तात वाटले गेले. देशात ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले. ते लावले कोणी? मंत्र्यांनी नव्हे. तुमच्या-माझ्यासारख्यांनी, स्टुलावर चढून. जुना पंखा ७५ वॉट खातो. नव्या जातीचा पंखा ३० वॉटच्या आसपास खातो. तो महाग आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून चालता पंखा टाकून देऊ नका. जुना बिघडेल तेव्हा नवा घेताना मात्र वॉटचा आकडा वाचून घ्या.

दुसरी टोपली कचऱ्याची. नवी मुंबईचा कचरा आपल्या तुर्भ्यातच येऊन पडतो. त्याचा वास आपल्याला नवा नाही. भाजीची देठे, उरलेला भात, फळांच्या साली, हे सारे मोठ्या ढिगाखाली दबते. खाली हवा मिळत नाही. मग ते कुजून मिथेन नावाचा वायू निघतो. तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता अडवतो. तोच ओला कचरा भोके पाडलेल्या डब्यात मातीबरोबर थराथराने घाला आणि अधूनमधून वरखाली करा. हवा खेळती राहिली की मिथेन फारसा होत नाही, आणि खत तयार होते. दारातल्या तुळशीला आणि मिरचीच्या रोपाला ते घाला. घरी जमत नसेल, तर ओला आणि सुका कचरा निदान वेगळा द्या. आणि अन्न मुळात वाया घालवू नका.

तिसरी टोपली खारफुटीची. खाडीतली तिवरे म्हणजे देवाने घातलेला बांध. ती लाटेचा जोर मोडतात. मासळीची पिल्ले त्यांच्या मुळांत वाढतात. आणि ती कर्बवायू शोषून चिखलात पुरून ठेवतात. खारफुटी आणि तिच्याखालचा चिखल मिळून, तेवढ्याच जागेवरच्या डोंगरी जंगलाच्या तिप्पट-चौपट कर्ब साठवू शकतात. म्हणून तिवर तोडणे म्हणजे दुहेरी नुकसान.

इथे साध्या नागरिकांनी काय केले, ते ऐका. मुंबईच्या एका नागरिक संस्थेने तिवरांची तोड थांबवावी म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली. २००५ साली न्यायालयाने राज्यभर तोडीला बंदी घातली. २०१८ साली अखेरचा निकाल आला, आणि बंदी कायम झाली. २०१५ साली ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले. २०२२ साली खाडीला रामसर स्थळ म्हणून जगाची मान्यता मिळाली. हे सारे आपोआप झाले नाही. कोणीतरी पाहिले, कोणीतरी लिहिले, कोणीतरी खेटे घातले. तरी अजून रात्री-अपरात्री गाड्या येतात आणि राडारोडा तिवरांत ओतून जातात. ती गाडी पाहून आपण मान फिरवली, तर ती आपल्याच बांधाला पडलेली खांड समजा.

चौथी टोपली प्रवासाची. लोकलने आणि बसने जाणारा माणूस एकट्याने मोटारीतून जाणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी इंधन जाळतो. ही टोपली तुम्ही रोजच टाकता. तिचा अभिमान धरा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गरिबाने आपली गरज मारावी, असे माझे म्हणणे नाही. ज्या बाईचे डोळे चुलीच्या धुराने लाल होतात, तिने गॅस जरूर वापरावा. ज्याच्या घरी अजून पंखा नाही, त्याने पंखा जरूर घ्यावा. थांबवायची ती उधळपट्टी.

लेखणीची टोपली

शेवटची टोपली सर्वांत मोलाची आहे. ती तुमच्या हाती नुकतीच आली आहे. ती म्हणजे लेखणी.

काल-परवापर्यंत विजेचे बिल दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. आता युनिट किती झाले, ते तुम्ही स्वतः वाचाल. पंख्यावर आणि फ्रिजवर तारे छापलेले असतात. जेवढे तारे जास्त, तेवढी वीज कमी. दुकानदार काहीही सांगो, तारे तुम्ही मोजाल. तिवरांत राडारोडा पडला, तर जागा, दिवस, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून अर्ज कराल. नाक्यावर सावली हवी, पिण्याचे पाणी हवे, झाडे हवीत, बस वेळेवर हवी, असे महापालिकेच्या विभाग कार्यालयाला लिहाल. मत मागायला येणाऱ्यालाही हेच विचाराल. एकाची सही असली तर अर्ज पडून राहतो. दोनशे सह्या असल्या की साहेब तो दोनदा वाचतो. मोठ्यांना आपल्या वाट्याची माती टाकायला लावायची, ती अशी.

आता घरचा अभ्यास सांगतो. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपले विजेचे बिल आणावे. गेल्या महिन्याचे युनिट आणि या महिन्याचे युनिट आपण फळ्यावर मांडू. सगळ्या घरांची बेरीज करू. आणि खाडीकाठच्या राडारोड्याविषयी एक अर्ज वर्गातच मिळून लिहू. अंगठे नकोत. सह्या करायच्या.