टोकांची झीज



कामगार चळवळीतल्या माणसाने पेशींवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माणूस झिजतो म्हणजे नेमके काय झिजते, हा प्रश्न आमच्या कामाबाहेरचा नाही. एलिझाबेथ ब्लॅकबर्न नावाच्या एक शास्त्रज्ञ बाई त्या प्रश्नापाशी कशा पोहोचल्या, तेवढेच आज सांगणार आहोत.

बाई १९४८ साली टास्मानिया बेटावर जन्मल्या. केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या हाताखाली त्या डीएनएची अक्षरे वाचायला शिकल्या आणि १९७५ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्याकडे गेल्या. तेथे त्यांनी हाती घेतला टेट्राहायमेना, तळ्यातला एकपेशीय जीव. असल्या किड्याचा कोणाला काय उपयोग, असे आमच्यासारखा हिशेबी माणूस विचारील. उपयोग होता. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांब धागा. माणसाच्या पेशीत असे ४६ धागे, म्हणजे टोके ९२. या जीवात मात्र आखूड धागे हजारोंनी, त्यामुळे टोकांचा नुसता सुकाळ.

बाईंनी टोक वाचले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले ते असे, की सहा अक्षरांचा एकच शब्द तेथे पुन्हापुन्हा येतो आणि त्यात कसलाही निरोप नाही. हातमागावरून साडी उतरली की पदराच्या दशांना पीळ देऊन गाठी मारतात. गाठीत नक्षी नसते, पण ती सुटली की वीण सैल होऊ लागते. टोकाचे काम तेच. त्याला टेलोमिअर म्हणतात.

अडचण अशी, की पेशी दुभंगताना धाग्याची नक्कल अगदी शेवटपर्यंत उतरत नाही, दर खेपेस टोक थोडे आखूड होते. लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले होते, की माणसाच्या साध्या पेशी काचपात्रात सुमारे पन्नास वेळा दुभंगतात आणि थांबतात. मग टेट्राहायमेना दुभंगतच राहतो, तो कसा? १९८४ च्या नाताळच्या दिवशी, बाईंची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर बर्कलेच्या प्रयोगशाळेत आली आणि तिला उत्तराची पहिली खूण दिसली. टोक पुन्हा विणून देणारे एक विकर सापडले, टेलोमरेज. या कामासाठी २००९ चे नोबेल या दोघींना व जॅक शोस्टाक यांना मिळून मिळाले.

संजीवनी सापडली, असे लगेच बोलले गेले. पण बहुतेक कर्करोगांच्या पेशी याच विकराच्या जोरावर बेसुमार वाढत राहतात, तेव्हा ती संजीवनी प्यायची कोणी?

मधेच एक गोष्ट, आमच्या धंद्यातली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या जैवनीतीविषयक मंडळावर बाई होत्या. गर्भपेशींवरील संशोधनाबाबत त्यांचे मत मंडळातल्या बहुमताशी जुळत नव्हते. २००४ मध्ये फोनवर कळवून त्यांना कमी करण्यात आले आणि मुदत संपली होती, असे सरकारने सांगितले. ही भाषा आम्ही फार ऐकली आहे.

त्याच वर्षी एलिसा एपेल यांच्याबरोबर बाईंनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यासाठी आम्ही हा विषय घेतला. ५८ निरोगी माता. त्यांतल्या ३९ जणी दीर्घ आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या. दोन्ही गटांच्या सरासरी टोकांत फरक दिसला नाही, हे आधी ऐकून घ्या. फरक दिसला तो वर्षांनी. शुश्रूषेची वर्षे जितकी जास्त, तितके टोक आखूड. शिवाय ज्यांनी आपला ताण सर्वांत जास्त सांगितला, त्यांची टोके सर्वांत कमी ताण सांगणाऱ्यांपेक्षा निदान दहा वर्षांनी म्हातारी.

दहा वर्षे! सभेत हे वाक्य टाकले तर टाळ्यांचा कडकडाट होईल. पण बाया मोजक्या, रक्त एकदाच घेतलेले, आणि कशामुळे काय झाले हे त्यातून ठरत नाही. पुढे अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा ताणाचा आणि टोकांचा संबंध आढळला खरा, पण अगदी थोडा.

दुसरी बाजूही टपलेली असते. ताण स्वतःला जाणवलेला मोजला आहे ना, मग तो तुमच्या मनाचा खेळ, ध्यानाचा वर्ग काढतो, असे मालक म्हणेल. रात्रपाळी तशीच राहील. त्या मातांनी भरलेल्या प्रश्नावलीत जाणीव विचारली होती, पण मूल खरोखर आजारी होते आणि त्याच्या उशाशी काढलेली वर्षे कॅलेंडरवर मोजलेली होती. ती वर्षे ध्यानाने कमी झाली नसती. त्यांना हवे होते ते दुसरे कोणीतरी, रात्री चार तास उशाशी बसणारे.

म्हणून कारखान्याच्या दारावरच्या सभेत कोणी हा अभ्यास विचारला, तर आम्ही आधी ५८ हा आकडा सांगतो आणि मग दहा वर्षांचा.