रस्त्याची पाटी आणि तोंडातले नाव



न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेस प्रारंभ झाला. त्या परंपरेतील व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा रिवाज आहे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या उरलेल्या वेळात आणि रद्दीतून निवडून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा विद्वत्तेचा विषय आम्ही घेतलेला नाही. माणूस रोज ज्यावरून चालतो त्या रस्त्यांच्या नावांविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत, आणि तेही मुख्यतः मुंबईतल्या परळ, लालबाग, दादर या भागातल्या रस्त्यांविषयी.

देवरूखात बसून मुंबईच्या रस्त्यांचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की, १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झालेला नव्हता. भोंग्याच्या आवाजाबरोबर त्या रस्त्यांवरून धावलेला एकही माणूस ज्या घरात झाला नाही, असे घर या सभेत विरळाच असेल. ते रस्ते आपल्या जिल्ह्याच्या घामाने भिजलेले आहेत. त्यांच्या नावांची चौकशी करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका आजींमुळे. त्यांचे यजमान डिलाईल रोडवर चाळीत राहून गिरणीच्या साचाखात्यात कामाला होते. गिरणी कामगारांच्या वारसांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा आजींचा अर्ज भरायला आम्ही बसलो. त्यांच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या पाकिटांवर पत्ता होता 'डिलाईल रोड', आणि कागदपत्रांत होते 'ना. म. जोशी मार्ग'. कचेरीतला तरुण कारकून म्हणाला, "हे दोन पत्ते वेगळे आहेत, पुरावा आणा." रस्ता तोच, चाळ तीच, खोलीही तीच, पण ते सिद्ध करायला तीन खेपा घालाव्या लागल्या. शेवटी कागद जमले आणि अर्ज स्वीकारला गेला. परत येताना एस.टी.त आजी म्हणाल्या, "पण हे जोशी कोण होते हो?" त्यांच्या यजमानांनी तीस वर्षे ज्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर काढली, तो माणूस कोण हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते सांगणे हे आमचे काम होते, आणि ते आम्ही केले नव्हते.

तेव्हा प्रथम या नावांचे थर उलगडून पाहू. सर्वांत खालचा थर झाडांचा. चिंचपोकळी, उंबरखाडी, फणसवाडी ही नावे कोणा सरकारने दिलेली नाहीत. तिथे राहणाऱ्याला चिंच दिसली, उंबर दिसला, फणस दिसला. त्याने तेच नाव सांगितले. आपल्या देवरूखाच्या नावातही 'रूख' आहे, म्हणजे झाडच. असे नाव ठेवायला ठराव लागत नाही.

त्यावरचा थर गव्हर्नरांचा. आज शहराच्या पोटात असलेले परळ त्या काळी उपनगर होते. गव्हर्नराचा बंगला तिथे होता. त्याच वास्तूत १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. साहेब जिथून घोडागाडीतून गेला, तिथे साहेबाचे नाव लागले. जॉर्ज आर्थर हे १८४२ ते १८४६ या काळात गव्हर्नर होते. त्यांच्यावरून आर्थर रोड. लॉर्ड एल्फिन्स्टन १८५३ ते १८६० पर्यंत होते. त्यांच्यावरून एल्फिन्स्टन रोड. डिलाईल हेही साहेबी अमलातल्या एका अधिकाऱ्याचे नाव. १९१७ साली सॅम्युएल शेपर्ड या पत्रकाराने मुंबईच्या स्थळनामांवर आणि रस्त्यांच्या नावांवर इंग्रजीत एक पुस्तकच काढले. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते.

तिसरा थर पैसा देणाऱ्यांचा. दादरहून माहीमकडे जाणारा लेडी जमशेटजी रोड आपल्याला माहीत आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती; त्या खाडीवर बांध घालण्यासाठी जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली तो रस्ता खुला झाला. हे दान मोठे होते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण त्या चिखलात उभे राहून ज्यांनी दगड रचले त्यांच्यापैकी एकाचेही नाव पाटीवर नाही. रस्ता बांधणाऱ्यांचे नाव रस्त्याला लागत नाही, हा जगभरचा नियम आहे.

चौथा थर आमच्या जिव्हाळ्याचा. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नर उतरले आणि त्यांच्या जागी आपली माणसे आली. डिलाईल रोडला नाव मिळाले नारायण मल्हार जोशी यांचे. ते कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, जन्म १८७९ चा. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांचा हात होता. आजींना आम्ही एवढेच सांगितले, "ज्या संस्थांनी कामगाराला वाचायला शिकवले आणि संघटित केले, त्या उभारणारे हे जोशी."

दादरला सी. के. बोले यांच्या नावाचा रस्ता आहे. लोक त्याला एस. के. बोले रोड म्हणतात. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. त्या ठरावाच्या आधारावर १९२७ च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह उभा राहिला. दादरला फुले घ्यायला जाणाऱ्या किती माणसांना हे ठाऊक आहे? आर्थर रोड झाला साने गुरुजी मार्ग. गुरुजी आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. परळ-लालबागमधून जाणारा हमरस्ता झाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि ते स्वतः परळच्या चाळीत राहिलेले. हा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता.

काही नावांत इतिहास असा गुंतलेला असतो की ऐकून थक्क व्हावे. तुळशी पाईप रोड हे नाव पडले तुळशी तलावाचे पाणी आणणाऱ्या नळावरून. त्याचे अधिकृत नाव झाले सेनापती बापट मार्ग. आता सेनापती बापट कोण? १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी धरणाविरुद्ध लढलेले. मुळशीचे धरण कशासाठी? मुंबईला, म्हणजे तिथल्या गिरण्यांनाही, वीज पुरवण्यासाठी. शेतकऱ्याची जमीन पाण्याखाली गेली, त्या पाण्याची वीज झाली, विजेवर साचे चालले, आणि त्या साच्यांवर कोकणातला आणि घाटावरचा शेतकरीच मजूर होऊन उभा राहिला. धरणाशी लढलेल्या सेनापतींचे नाव गिरण्यांच्या बाजूने जाणाऱ्या पाण्याच्या वाटेला लागले. पाटी लावणाऱ्यांच्या मनात हे होते की नव्हते, आम्हांला सांगता येत नाही. पण ती पाटी कामगाराला समजावून सांगितली, तर अर्थशास्त्राचा एक धडा तिथेच पुरा होतो.

आता एक अवघड गोष्ट. पाटी बदलली तरी तोंड बदलत नाही. आजही माणूस आर्थर रोडच म्हणतो, तुळशी पाईपच म्हणतो. संत गाडगे महाराज चौकाला सात रस्ता म्हणतो, कारण सात रस्ते तिथे मिळतात हे त्याला डोळ्यांनी दिसते. यात कोणाचा अनादर नाही. ज्या नावाची गोष्ट लोकांना सांगितली जात नाही, ते नाव पत्र्यावरच राहते. नाव देण्याचा समारंभ एक दिवसाचा. ते नाव रुजवण्याचे काम वर्षानुवर्षांचे. त्या कामात आमच्यासारखे कार्यकर्ते कमी पडले, हा दोष आम्ही पदरात घेतो.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. नाव बदलणे सोपे, रस्ता सुधारणे कठीण. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी करण्याचा ठराव विधिमंडळात डिसेंबर २०१६ मध्ये झाला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे गेली. नवे नाव प्रत्यक्षात लागले ते २०१८ च्या जुलैत. नावाची मागणी करणारे आम्हीही होतो; जिना रुंद करण्याची मागणी तितक्याच जोराने केली होती काय, हा प्रश्न आम्हांला अजून टोचतो.

आणि सर्वांत मोठे नाव तर कोणत्याच पाटीवर नाही. ते म्हणजे गिरणगाव. चाळीतल्या एकेका खोलीत गावचे वीस-वीस लोक पाळीपाळीने झोपत. त्या खोलीला गावाचेच नाव असे. रस्ता गव्हर्नराचा, चाळ मालकाची, पण खोली गावाची. अशा खोल्यांचे मिळून गिरणगाव झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जागेवर मनोरे आणि बाजार उभे राहिले. गंमत पाहा, गिरण्यांची नावे तिथे राहिली. फिनिक्स राहिली, कमला राहिली. जुने नाव आता शोभेला उपयोगी पडते. लोअर परळ हे नाव मात्र काही बिल्डरांना हलके वाटले. त्यांनी जाहिरातीत 'अप्पर वरळी' लिहिले. परळ म्हटले की कामगाराचा वास येतो, म्हणून नावच पुसायचे! नाव ही मालमत्ता आहे हे बिल्डरला कळले. आपल्याला ते कधी कळणार?

आता शेवटचा मुद्दा आपल्या गावाचा. देवरूखात वरची आळी, मधली आळी, खालची आळी आहे. भोवती वाड्या आहेत, पाखाड्या आहेत, वहाळ आहेत, साकव आहेत, आणि प्रत्येकाला नाव आहे. तालुक्याचे नाव संगमेश्वर आणि कचेरी मात्र देवरूखला, एवढ्या एका गोष्टीतही इतिहास आहे. ही बहुतेक नावे कुठे लिहिलेली नाहीत. ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहेत, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत.

सगळीच जुनी नावे जपावीत, असे मात्र आम्ही म्हणत नाही. जी नावे एखाद्या जातीला गावाबाहेर बसवण्यासाठी दुसऱ्यांनी ठेवली, ती गेली पाहिजेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. आमची कसोटी साधी आहे. राहणाऱ्याने स्वतः ठेवलेले नाव जपावे. त्याच्यावर लादलेले नाव त्याला विचारून बदलावे. गिरगावात खोताची वाडी आहे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, वाडीचे नाव राहिले, आणि त्यामुळे खोती होती हे निदान कोणी विसरणार नाही. म्हणून नाव बदलतानाही जुने नाव वहीत लिहून ठेवावे. नाही तर आमच्या आजींसारख्या कोणाला तरी पुन्हा तीन खेपा पडतील.

तेव्हा आमची विनंती एवढीच. या सुट्टीत शाळेतल्या मुलांच्या हाती एकेक वही द्या. त्यांनी आपल्या आळीतल्या सर्वांत वृद्ध माणसाकडे जावे आणि विचारावे, या वाटेला काय म्हणतात, का म्हणतात, पूर्वी काय म्हणत. आणि ज्यांचे आजोबा मुंबईला गिरणीत होते त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: ते कोणत्या रस्त्यावर राहत? रस्त्याचे जुने नाव आणि नवे नाव, दोन्ही लिहावी. त्या वह्या ग्रंथालयात ठेवाव्यात. याला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही.

रस्ता बांधणाऱ्याचे नाव रस्त्याला लागत नाही, असे आम्ही मघाशी म्हणालो. निदान त्याच्यावरून चाललेल्यांची नावे तरी वहीत राहू द्या.