मडक्याचे मोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी हट्टा येथे केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. माझ्यापेक्षा शिकलेल्या भगिनी येथे पुष्कळ बसलेल्या आहेत. पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांसमोरचे जे आहे तेच सांगा." माझे घर कुंभारांच्या घरांना लागून आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून परसदारी उभी राहिले की चाक दिसते, आणि आवा लागला की त्याचा धूर आधी माझ्या स्वयंपाकघरात येतो. तेव्हा मडके कसे होते व त्याचे मोल काय, एवढेच मी सांगणार आहे.

मडक्यावाचून आपले एक तरी कार्य पार पडते का? संक्रांतीला सुगडे लागतात, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने करा भरावा लागतो, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या. लग्नात मडकी लागतात, आणि माणूस गेले की त्याच्यापुढे विस्तवाचे मडके निघते. आपल्या आज्यांच्या घरी भिंतीशी उतरंड असे. खालच्या डेऱ्यात धान्य, वरच्या गाडग्यात डाळ, अगदी वरच्या बोळक्यात चार पैसे. पितळ आले, मग स्टील आले, प्लॅस्टिक आले आणि उतरंड गेली. परंतु सणाला व उन्हाळ्याला अजून कुंभाराचे दार आठवतेच.

आता ते होते कसे ते पाहू. पहिली गोष्ट माती. आपल्याकडे काळी माती भरपूर, पण नुसत्या काळ्या मातीचे मडके टिकत नाही. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते व तडकते. म्हणून तळ्याचा किंवा नदीचा गाळ आणतात, ढेकळे फोडतात, खडे वेचून चाळतात आणि त्यात राख व लीद मिसळतात. लिदीतले बारीक तंतू माती धरून ठेवतात, आणि भाजताना ते जळून गेले की तेथे बारीक छिद्रे राहतात. मग पाणी घालून ती माती पायांनी तुडवावयाची. एक खडा राहिला तर तेवढ्यासाठी सारे मडके फुटते, म्हणून हे काम तासन्‌ तास चालते.

मग चाक. काठीने गरगरा फिरविले की ते पुष्कळ वेळ आपल्याच वजनाने फिरत राहते. मातीचा गोळा मधोमध ठेवून बोटांनी वर चढवितात आणि दोऱ्याने कापून उतरवितात. आपल्याला वाटते, झाले मडके! तसे नाही. चाकावरून उतरलेले मडके जाड व लहान असते. ते थोडे सुकले की आतून गोल दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने हलके हलके थापटतात. चिकटू नये म्हणून राख लावतात. अशा शेकडो थापा बसल्या की अंग पातळ होते, पोट फुगते, बूड गोल होते. माठाचा आकार चाकापेक्षा थापटण्याने जास्त येतो. त्यानंतर आधी सावलीत, मग उन्हात वाळविणे, आणि वरून गेरूचा हात.

शेवटी आवा. वाळलेली मडकी रचून मध्ये व भोवती गोवऱ्या, पऱ्हाट्या, भुसा घालतात. वरून गवत, राख व चिखल यांनी झाकतात. आग आतल्या आत हळूहळू फिरावी लागते. मडके आत ओले राहिले असेल तर पाण्याची वाफ होऊन फुटते. हवा खेळती राहिली तर ते तांबडे निघते, धूर कोंडून ठेवला तर काळे. ही आग सहाशे-सातशे अंशांच्या वर जाते. एकदा अशी भाजलेली माती पाण्यात पुन्हा कधी विरघळत नाही. पण आवा नीट लागण्याआधी पाऊस आला तर महिन्याची मेहनत गेली, असेच समजावे.

माठातले पाणी थंड का होते, हे माझ्या मुलीने शाळेतून येऊन मला समजावून सांगितले. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हे कळले म्हणजे माठ कसा घ्यावा तेही कळते. चकचकीत तैलरंग दिलेला माठ दिसावयास छान, पण रंगाने छिद्रे बुजतात व पाणी गार होत नाही. बोटाच्या पेराने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर चांगला भाजलेला, बद्द वाजला तर कोठे तरी तडा. घरी आणल्यावर एक दिवस पाण्यात भिजवावा. साबण लावू नये, काथ्याने घासावा. सावलीत, वारा लागेल अशा जागी, ओल्या वाळूवर ठेवावा. एक-दोन उन्हाळ्यांनी पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात व गारवा कमी होतो. तो माठाचा दोष नव्हे.

भगिनींनो, ही विद्या किती जुनी आहे! पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे पुष्कळ वर्षे तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली, काळ्या नक्षीची तांबडी भांडी सापडली. त्या घरांत तान्हे मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवीत व घरातच जमिनीखाली पुरीत. ज्या आईने आपले लेकरू घराबाहेर जाऊ दिले नाही, तिच्या दुःखाला आधार मडक्याचाच होता. हे ऐकल्यापासून रिकामे मडके हातात घेतले तरी मला ती आई आठवते.

आपल्या मराठवाड्यातले धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथल्या संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेव महाराजांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. ज्यांना कच्चे म्हटले त्यांचे गाव म्हणून आपण आपल्याच जिल्ह्यातले नरसी मानतो. आणि ते गुरूकडे गेले ते औंढ्याला, विसोबा खेचरांकडे. म्हणजे कुंभाराच्या थापटण्याची ही गोष्ट आपल्या दाराशीच पुरी झाली आहे.

गोरोबाकाकांची दुसरी कथाही सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलनामात दंग होऊन ते माती तुडवीत असताना त्यांचे लेकरू पायांखाली आले. कथा सांगणारे भक्तीचा महिमा सांगतात. मला मात्र पाण्याला गेलेली त्याची आई दिसते. ज्या मातीत तिचे लेकरू गेले, त्या मातीच्या कामासाठीच ती राबत असली पाहिजे. कारण कुंभाराच्या घरी बाईला वेगळे काम असे नसतेच. माती आणणे, चाळणे, तुडविणे, गोवऱ्या थापणे, मडकी उन्हात ठेवणे व उचलणे, गेरू देणे, टोपलीत भरून दारोदार नेणे, हे सगळे बाईचे. फक्त चाकाला बाईने हात लावावयाचा नाही, अशी बऱ्याच ठिकाणी रीत. म्हणून कुंभार म्हणजे चाकावर बसलेला पुरुष असे आपण समजतो.

माझ्या शेजारच्या मावशी वयाने माझ्या सासूबाईंएवढ्या. त्यांच्याशी कोणी दारात घासाघीस केली की त्या भांडत नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "सूनबाई, मातीला काय पैसे पडतात, असं म्हणत्यात समदे. पण जळण इकत घ्यावं लागतं, आन्‌ आव्यात जी फुटली त्याचे पैसे कोण देतं?" पूर्वी बलुते होते. खळ्यावर धान्य मिळे, म्हणून दहा मडकी फुटली तरी घर चाले. आता रोकडीचा व्यवहार आहे. फुटले त्याचे नुकसान सारे त्यांचेच. त्यांचा एक मुलगा पुण्याला कारखान्यात गेला. दुसराही जाण्याच्या गोष्टी करतो, आणि तो गेला तर ते चाक थांबेल.

सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्रामदिनीच, पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा कारागिरांत कुंभार आहेत. शिकताना रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व मग २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पण नोंद एका कुटुंबातून एकाचीच होते. काम घरातल्या सगळ्यांचे, मग नाव कोणाचे? नवऱ्याचे की बायकोचे, हे त्या घराने ठरवावे. परंतु बाईला विचारले तरी जावे. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेवरची चाके देण्यास सुरुवात केली. त्या चाकाला काठी लागत नाही की अंगबळ लागत नाही. आता बाईने चाकावर का बसू नये, याला उत्तर उरलेले नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, संक्रांतीची सुगडे व नवरात्रीचे घट मंडळाने गावातल्या कुंभारांकडे दोन महिने आधी सांगावेत व विसार द्यावा, म्हणजे जळणासाठी त्यांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. दुसरी, सांगितलेली किंमत आपण द्यावी. साडीच्या दुकानात लिहिलेली किंमत मुकाट्याने देणाऱ्या आपण, डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या बाईपाशीच पाच रुपयांसाठी का अडावे? तिसरी, आपल्यातल्या शिकलेल्या मुलींनी कुंभारांच्या घरी जाऊन योजनेचा कागद वाचून दाखवावा आणि सेवा केंद्रापर्यंत त्यांच्या सोबत जावे.

ही कामे मोठी नाहीत, आपल्याच्याने होण्याजोगी आहेत. ठराव आजच झाला तर येत्या संक्रांतीचा आवा आपल्या विसाराने लागेल.