‘सिंहासन’ आणि त्याचे प्रेक्षक



‘सिंहासन’ या चित्रपटाविषयी बोलू लागले की पहिला प्रश्न ठरलेला : त्यातला मुख्यमंत्री कोण आणि त्याची खुर्ची ओढू पाहणारा अर्थमंत्री कोण? जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९७९ साली आला. आदल्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटलांचे मंत्रिमंडळ कोसळून शरद पवार मुख्यमंत्री झाले होते. प्रेक्षकांनी पडद्यावरच्या चेहऱ्यांना खरी नावे चिकटवली, यात नवल नाही. परंतु तारखा या तर्काला साथ देत नाहीत. विजय तेंडुलकरांची पटकथा ज्यांवर उभी आहे, त्या अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही कादंबऱ्या त्या उलथापालथीपूर्वीच प्रसिद्ध झाल्या होत्या. साधू पत्रकार होते. त्यांनी सत्तेच्या खेळातली चाल हेरली. माणसे मागाहून त्या चालीत येऊन बसली.

नावांच्या या शोधात चित्रपटाची खरी खुबी मात्र निसटते. पटेलांच्याच ‘सामना’त निळू फुले साखरसम्राट होते आणि श्रीराम लागू त्यांना जाब विचारणारे मास्तर. ‘सिंहासन’मध्ये लागू महत्त्वाकांक्षी विश्वासराव दाभाडे झाले आणि फुले झाले दिगू टिपणीस हा वार्ताहर. म्हणजे जाब विचारणारा आणि जाब देणारा यांनी जागा बदलल्या! अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री तर आवाज न चढवता डाव खेळतो. शेवटी, सारे जाणणारा दिगू वेड्यासारखा हसत सुटतो.

या चित्रपटाला मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज त्याची स्तुती होते ती ‘अजूनही ताजा’ या शब्दांत. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला, तरी २०२२ साली राज्याचे सरकार फुटीनेच पडले. मग चित्रपट ताजा वाटणारच. पण ही स्तुती ऐकून आम्हांला आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटतो.

कारण चित्रपटगृहातून बाहेर पडताना पुष्कळ जण म्हणतात, ‘सगळे एकाच माळेचे मणी!’ हे म्हटले की आपण मोकळे. ज्या मुलखाने बॅरिस्टर नाथ पै आणि पुढे मधु दंडवते यांना पुनःपुन्हा लोकसभेत पाठविले, त्या मुलखाला असे बोलणे शोभत नाही. मणी निवडता येतात, हे आपण मतपेटीत दाखवून दिले आहे.

आपल्या दशावतारात साध्या बाकड्यावर राजा येऊन बसतो आणि ते सिंहासन होते. ते बाकडेच आहे हे सर्वांना ठाऊक असते. समोर बसलेल्यांनी मानले म्हणून त्याचे सिंहासन होते. ‘सिंहासन’च्या समीक्षकांनी खुर्चीवरच्या माणसाविषयी पुष्कळ लिहिले. आता समोर बसलेल्यांविषयी, म्हणजे आपल्याविषयी, थोडे बोलले जावे, एवढीच आमची विनंती आहे.