गाव शहर झाले, सभा कुठे गेली?



२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांत या चार तारखा ग्रामसभेच्या म्हणून ओळखल्या जातात. पुष्कळदा कोरम भरत नाही, कधी भांडणे होतात, कधी ठरावाचा कागद फाइलमध्येच राहतो, हे सगळे खरे. तरीही मतदारयादीत नाव असलेला कुणीही, बाई असो की पुरुष, त्या दिवशी उठून विचारू शकतो, की आमच्या टोलीला नळाचे पाणी का येत नाही आणि वित्त आयोगाचा पैसा कुठल्या कामावर गेला. उत्तर द्यायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी समोर बसलेले असतात. हा हक्क कायद्याने दिलेला आहे.

आता साकोली, लाखनी, लाखांदूर, मोहाडी ही नावे घ्या. ही तालुक्याची गावे अलीकडच्या काळात ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत आली. नगरसेवक आले, मुख्याधिकारी आले, प्रभागांना क्रमांक मिळाले. मात्र ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. माणसे तीच, मोहल्ले तेच, नाल्या त्याच. फक्त सर्वांनी मिळून बसून विचारण्याची कायद्यातली जागा उरली नाही.

हे कुणी मुद्दाम केले असे नाही. शहरांच्या कारभारासाठी केलेली ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यात प्रभाग समित्यांची तरतूद आहे, पण ती बंधनकारक आहे तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या होती ९१,८४५. तुमसर त्याच्या निम्म्याच्या आसपास, पवनी आणखी लहान. म्हणजे जिल्ह्यातले एकही शहर या अटीच्या जवळपास पोहोचत नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आणली. ग्रामसभेसारखी सभा शहरातही भरावी हा तिचा हेतू. बहुतेक मोठ्या शहरांत तीही कागदावरच राहिली. लहान शहरातला माणूस मात्र दोन्ही बाजूंनी सुटला आहे. खेड्यातली सभा त्याच्या मागे राहिली आणि महानगरातली समिती त्याच्यापर्यंत आली नाही.

ही उणीव भरून काढायला वॉर्डातल्या लोकांनी आपल्या वस्तीचा आराखडा स्वतः करावा, असे म्हटले की पहिला प्रश्न येतो, लोकांना त्यातले काय कळते? झाडीपट्टीत हा प्रश्न विचारायचा असेल तर एखाद्या तलावाच्या पाळीवर उभे राहून विचारावा.

या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हजारो तलाव आणि बोड्या म्हणजे छोटी तळी आहेत. तलाव बांधून देणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याची गोंड राजांची रीत होती, असे परंपरा सांगते. या कामात कोहळी समाजाचे नाव अग्रभागी. नवेगाव बांधच्या विस्तीर्ण जलाशयाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. नवेगाव बांध १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. पाळ कुठे टाकायची, सांडवा कोणत्या अंगाला ठेवायचा, धानाला पाणी कोणत्या बांधीपासून सोडायचे, गाळ कोणी आणि कधी काढायचा, हे सारे गावात ठरत असे आणि गावातच पाळले जात असे. पाण्यावर मालगुजाराचा, म्हणजे गावाच्या जमीनदाराचा, अधिकार होता, गावातले उच्चनीच होते, आणि ते काही छोटे नव्हते. पण ज्ञान गावातच होते, याबद्दल शंका नाही.

जुन्या मध्यप्रदेशात १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारकडे गेले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, बोलीभाषेत 'मामा तलाव' झाले. मालकी गेली हे न्यायाचेच झाले. तिच्याबरोबर देखभालीची गावातली व्यवस्थाही मोडली आणि नवी नीट उभी राहिली नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, पाळी फुटल्या.

त्यानंतर जे घडले ते शहरांनी ऐकण्यासारखे आहे. मनीष राजनकर आणि त्यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजासोबत तलावांचे काम हाती घेतले. सुरुवात बांधकामाने झाली नाही, यादीने झाली. तलावात कोणत्या पाणवनस्पती होत्या, कोणत्या राहिल्या, कोणता मासा कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, पाखरे कुठे उतरतात, हे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांना ठाऊक होते. ते लिहून काढले. मग बेशरम उपटले गेले, उन्हाळ्यात तळ नांगरला गेला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या आणि देशी मासे सोडले गेले. या कामात बायका मोठ्या संख्येने उतरल्या. ज्यांचा त्या जागेशी रोजचा संबंध आहे त्यांनीच पाहणी केली आणि कामांचा क्रमही त्यांच्याच माहितीतून ठरला.

हीच पद्धत शहरात कशी चालते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यात सापडते, आणि तेही शौचालयांचे.

नव्वदच्या दशकात झोपडपट्टीत सार्वजनिक शौचालय बांधायचे म्हणजे ठेकेदाराने बांधून निघून जायचे. पाण्याची सोय अपुरी, सफाई कोणाकडे ते ठरलेले नाही. काही महिन्यांत दारे तुटत आणि जागा ओसाड पडत. १९९९ मध्ये पुण्याचे महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी स्वयंसेवी संस्थांकडून प्रस्ताव मागवले आणि अट घातली, की जो बांधेल त्यानेच ते चालवायचे. त्यांत पुढे आल्या तीन संघटना: जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ, वस्तीतल्या बायकांचे 'महिला मिलन' आणि त्यांना साथ देणारी 'स्पार्क' ही संस्था.

आराखडा करायला बसल्यावर बायकांनी जे सांगितले ते कोणत्याही शासकीय नमुन्यात नव्हते. पहाटे रांगेत पुरुष पुढे घुसतात, म्हणून बायका-पुरुषांच्या रांगा आणि वाटा वेगळ्या हव्यात. लहान मुलांना रांगेतून बाजूला ढकलतात, आणि मोठ्यांच्या भांड्यावर बसायला ती घाबरतात. मग ती नालीकाठी बसतात. तेव्हा मुलांसाठी वेगळी, छोट्या बैठकीची जागा हवी. पाण्याची टाकी मोठी हवी. राखणदाराला कुटुंबासह राहता येईल अशी खोली तिथेच हवी, म्हणजे जागा रात्रीही एकटी राहणार नाही. खर्चासाठी माणशी पैसे घेण्याऐवजी कुटुंबाला महिन्याचा पास द्यावा, कारण घरात सहा माणसे असली की रोजचे सुटे पैसे परवडत नाहीत. तो पास महिन्याला २० रुपयांच्या आसपास ठेवला गेला.

अवघ्या दोन-तीन वर्षांत पुण्यात अशी चारशेहून अधिक संकुले आणि दहा हजारांहून अधिक शौचकूप उभे राहिले. सगळी संकुले सारखीच उत्तम चालली असे नाही. तरी वस्तीने मागितलेल्या त्या गोष्टींत एकही चैनीची नव्हती, आणि त्यांतली एकही बाहेरच्या अभियंत्याला आपणहून सुचली नव्हती.

पुढे पुण्यातच येरवड्याच्या वस्त्यांत महिला मिलन आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी कच्ची घरे जागच्या जागी पक्की करण्याचे काम केले. केंद्राच्या योजनेतून घरामागे सुमारे २७० चौरस फूट मिळत होते. वस्ती सपाट करून इमारती उभ्या करण्याऐवजी गल्ल्या, शेजार आणि आधीची पक्की घरे तशीच ठेवली गेली. घराचे नमुने आधी लोकांपुढे मांडले, कोणाला कसे घर सोयीचे ते विचारले आणि मग बांधकाम झाले. जिने, ओटे, दाराची दिशा यांवर घरोघरी चर्चा झाली.

सांगली-मिरजेत आणि पुण्यात 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने आणखी एक गोष्ट दाखवली: वस्तीचा नकाशा. प्रतिमा जोशी यांनी १९९३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या या संस्थेने वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन घरोघरी पाहणी केली आणि ती उपग्रहाच्या चित्रावर बसवली. कोणत्या घरात शौचालय नाही, मलवाहिनी कुठून किती अंतरावर आहे, कोणती गल्ली वाहिनीला जोडता येईल, हे एका कागदावर दिसू लागले. त्यानंतर घराघरांत शौचालय बांधण्यासाठी संस्थेने साहित्य पुरवले आणि बांधकामाचा खर्च कुटुंबाने केला. असा नकाशा समोर असला की नगरपालिकेच्या टेबलावरचे बोलणे बदलते. 'आमच्याकडे लक्ष द्या' या अर्जाची जागा 'या अकरा घरांना इतकी मीटर वाहिनी हवी' ही मागणी घेते, आणि तिचा अंदाज काढता येतो.

मागणी आहे, नकाशा आहे. पैसा केव्हा आणि कुणाकडे मागायचा? ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये नागरिकांना अंदाजपत्रकात सहभागी करून घेण्याची रीत सुरू केली. पुणे महापालिकेने ती २००६ मध्ये आणली. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा, पाच लाखांपर्यंतचे काम सुचवायचे, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी ठेवलेल्या रकमेतून ते व्हायचे. पदपथ, दिवे, बसथांबे, बाक अशी कामे यातून झाली. शहराच्या एकूण खर्चात ही रक्कम अगदी छोटी आहे आणि कित्येक अर्जांचे पुढे काय झाले ते अर्जदाराला कळत नाही, ही टीका योग्यच आहे. तरी एक गोष्ट ठरून गेली: अंदाजपत्रक तयार होण्याआधी विचारणा होते, मंजूर झाल्यावर नव्हे.

आता भंडारा शहराकडे वळू. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला. शहरातल्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, हजारो लोकांना हलवावे लागले. नदीची पातळी कारध्याला मोजली जाते आणि तो आकडा बातम्यांत येतो. पण कारध्याला अमुक मीटर पाणी झाले म्हणजे आपल्या गल्लीत ते कोणत्या खांबापर्यंत येईल, हे त्या गल्लीत राहणाऱ्यालाच माहीत असते. त्या पुरात भिंतीवर कुठवर ओल चढली, पाणी नदीकडून आले की नाली उलटी वाहिल्याने आले, म्हाताऱ्यांना कोणत्या वाटेने काढता आले, हे आज सांगणारी माणसे आहेत. दहा वर्षांनी त्यांतली काही नसतील. ही माहिती घराघरांतून गोळा करून प्रभागाच्या नकाशावर खुणावली, तर नाली कुठे रुंद करायची आणि निवारा कोणत्या शाळेत ठेवायचा, याचे उत्तर त्यातूनच निघते. खांब तलाव आणि मिस्किन टँकचा परिसर, आठवडी बाजार, जुन्या मोहल्ल्यांतल्या पितळेच्या भांड्यांच्या भट्ट्या, या सर्वांबद्दल अशीच पाहणी करता येईल.

त्यासाठी नवी संघटना काढावी लागत नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून शहरांत महिला बचत गट, त्यांचे वस्तीस्तर संघ आणि वर शहरस्तर संघ उभे राहिले आहेत. कर्जाचे हप्ते आणि हिशेब सांभाळणाऱ्या या बायकांना घरोघरची माहिती गोळा करणे कठीण नाही. त्यांना हवी आहे नगरपरिषदेची लेखी विनंती आणि नकाशाची एक मोठी प्रत.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात येते. भंडाऱ्यातल्या एका मोहल्ल्याने कितीही चांगला आराखडा केला तरी ते थांबणार नाही. त्यासाठी राज्य सरकार आणि नागपूर महापालिका यांनाच उत्तर द्यावे लागेल. दुसरी मर्यादा सभेच्या आतली आहे. वॉर्डाची बैठक भरली की बोलतात ते घरमालक, दुकानदार आणि पक्षांचे कार्यकर्ते. भाडेकरू, नालीकाठच्या पट्टा नसलेल्या घरांतले लोक, पहाटे कामावर जाणाऱ्या मोलकरणी आणि सफाई कामगार गप्प राहतात किंवा येतच नाहीत. म्हणून बैठकीआधी घरोघरी पाहणी हवी आणि बैठक संध्याकाळी, वस्तीतच हवी. पुण्यातल्या त्या शौचालयांचे शहाणपण सभागृहातून आले नव्हते, रांगेत उभे राहणाऱ्या बायकांकडून आले होते.

कायदा सक्ती करत नाही म्हणून नगरपरिषदेला कोणी अडवलेलेही नाही. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली किंवा कोणतीही नगरपंचायत साधा ठराव करून हे सुरू करू शकते. दिवाळीआधी प्रत्येक प्रभागात बचत गटांमार्फत पाहणी. नोव्हेंबरात वस्तीतच बैठक, आणि त्यात तीन कामांची क्रमवार यादी. डिसेंबरात नगरपरिषदेच्या अभियंत्याने प्रत्येक कामाच्या जागी जाऊन खर्चाचा अंदाज काढायचा. फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळे शीर्ष. आणि जे काम घेता येत नाही, ते का घेता येत नाही, जागा सरकारी आहे, निधी कमी आहे की नकाशात आरक्षण आहे, याचे कारण मराठीत लिहून त्या प्रभागातल्या अंगणवाडीच्या दारावर लावायचे.