मागची सीट काढायची का?

(या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

मागच्या भागात हॉट हॅचबद्दल बोललो आणि दुसऱ्याच दिवशी केजहून माझ्या एका मित्राची व्हॉइस नोट आली. त्याच्याकडे सेकंडहँड पेट्रोल स्विफ्ट आहे. तो म्हणतो, “मागची सीट काढून टाकायची, खालचं मॅटिंग काढायचं, पुढं दोन बकेट सीट टाकायच्या. बाहेरच्या देशात तर कंपनीच अशा गाड्या विकायली म्हणं. मग मी केलं तर काय बिघडलं?”

प्रश्न चांगला आहे. हसण्यावारी न्यावा असा अजिबात नाही. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. हॉट हॅच म्हणजे साधी घरगुती हॅचबॅक, पण इंजिन दमदार, सस्पेन्शन कडक, ब्रेक चांगले. तिची सगळी मजा यातच की रविवारी सकाळी जी गाडी तुम्हाला हसवते, तीच सोमवारी गव्हाचं पोतं आणते. आता त्याच गाडीतून कंपनी स्वतः मागची सीट काढते, गालिचा काढते, कधी एसी पण काढते, आणि वर जास्त पैसे मागते. ऐकायला येडपटपणा वाटतो की नाही?

तरी अशा गाड्या खरंच आहेत. सगळ्यात गाजलेली म्हणजे रेनोची २००८ ची मेगान आर२६.आर. मागची सीट काढली, मागच्या काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट, बॉनेट कार्बनचं, साउंडप्रूफिंग कमी, एसी आणि रेडिओ गायब, काही एअरबॅगसुद्धा काढल्या. एवढं करून वजन घटलं १२३ किलो. गाडी झाली १,२२० किलोची, आणि जर्मनीच्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर तिनं साधारण ८ मिनिटं १७ सेकंदांत फेरी मारली. त्या काळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी तो विक्रम होता.

मग रांगच लागली. अबार्थची ६९५ बिपोस्तो आली २०१४ मध्ये. इटालियनमध्ये ‘बिपोस्तो’चा अर्थच दोन सीटची. वजन फक्त ९९७ किलो, ताकद १९० पीएस. फोक्सवॅगननं २०१६ मध्ये गोल्फ जीटीआय क्लबस्पोर्ट एस काढली, जगात फक्त ४००. मिनीनं २०२० मध्ये जीपी काढली, ३,००० गाड्या. आणि रेनोनं २०१९ मध्ये मेगान ट्रॉफी-आर. तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत होती ५१,१४० पाउंड, आणि कार्बनची चाकं व सिरॅमिक ब्रेक घेतले तर ७२,१४० पाउंड!

वजन कमी करण्यामागचं लॉजिक मात्र शंभर टक्के खरं आहे. इंजिनची ताकद वाढवली तर गाडी फक्त सरळ रेषेत जोरात पळते. वजन कमी केलं तर ती पळतेही लवकर, थांबतेही लवकर आणि वळतेही नीट. ब्रेकला जी ऊर्जा गिळायची असते ती वजनाच्या प्रमाणात असते. दहा टक्के वजन कमी म्हणजे त्याच स्पीडवरून थांबताना ब्रेकवरचा भार दहा टक्के कमी. टायर कमी घासतो, ब्रेक कमी तापतात. म्हणजे ज्यांनी या गाड्या बनवल्या ते येडे नाहीत.

पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत एक नियम असतो. आधी प्रोफाइल करा, मग ऑप्टिमाइझ करा. म्हणजे प्रोग्राम नेमका कुठं अडकतोय ते मोजल्याशिवाय कोडला हात लावू नका. तोच नियम मित्राच्या स्विफ्टला लावू.

२०१८ ला आलेली तिसऱ्या पिढीची स्विफ्ट, पेट्रोल मॅन्युअल. इंजिन ८३ पीएस, वजन साधारण पावणेनऊशे किलो. जरा थांबा. जगातली सगळ्यात गाजलेली ‘सोलून काढलेली’ हॅचबॅक १,२२० किलोची आणि केजच्या बसस्टँडसमोर उभी असलेली स्विफ्ट तिच्यापेक्षा तीनशे किलोंपेक्षा जास्त हलकी! रेनोनं वजन काढलं कारण त्यांच्याकडं काढायला वजन होतं. मोठी गाडी, जाड काचा, पोटभर साउंडप्रूफिंग. आपल्या गाडीत मुळातच काढण्यासारखं फार काही नाही.

समजा सीट, मॅटिंग, स्टेपनी वगैरे मिळून ४० किलो काढलं. टनामागं ताकद साधारण ९५ पीएसवरून १०० पीएसवर जाईल. पाच टक्क्यांचा फायदा. आता शेजारच्या सीटवर सत्तर किलोचा दोस्त बसवा. कमावलेलं सगळं गेलं आणि वर उधारी झाली! उलटं बघा: चार जणांच्या ऐवजी एकटे निघालात तर दोनशे किलो कमी झाले, पाना न लावता. रेनोच्या १२३ किलोंशी ही सरळ तुलना होत नाही हे मला कळतं, कारण त्यांनी रिकाम्या गाडीचं वजन घटवलंय. पण चालवताना तुम्हाला जाणवतं ते एकूण वजनच.

आणि फक्त सीट काढून किती हाती लागतं याचं उत्तर फोक्सवॅगनच्या गाडीत आहे. क्लबस्पोर्ट एसमध्ये मागची सीट काढली, बॅटरी छोटी केली, पुढची सबफ्रेम ॲल्युमिनियमची केली. इतकं करून नेहमीच्या क्लबस्पोर्टपेक्षा ती हलकी झाली साधारण ३० किलोंनी. इंजिनिअरांची फौज असून ३० किलो! त्या गाडीनं विक्रम केला तो ३१० पीएस, टायर आणि खास त्या ट्रॅकसाठी केलेल्या सस्पेन्शन सेटिंगमुळं. रिकाम्या मागच्या जागेचा त्यात वाटा छोटा.

अजून एक गंमत. मेगान ट्रॉफी-आरची नुर्बुर्गरिंगची पूर्ण फेरी ७ मिनिटं ४५.३८९ सेकंदांची. २०२३ मध्ये होंडा सिव्हिक टाइप-आरनं तिथंच ७ मिनिटं ४४.८८१ सेकंद वेळ दिली. विक्रमाची सिव्हिक हलक्या आवृत्तीची होती आणि टायर खास होते, हे मान्य. पण टाइप-आर शोरूममध्ये मिळते ती पाच दारांची, मागं सीट असलेली गाडी म्हणून. वेगासाठी मागची सीट घालवावीच लागते असं काही नाही.

आता जगाचं सोडा, घराकडं येऊ. बीडहून नगरमार्गे पुण्याला जाताना शिरूर ओलांडलं की रांजणगाव लागतं. गणपतीला हात जोडताना तिथली एमआयडीसी पण बघत जा. भारतातली सगळ्यात येडी हॅचबॅक तिथं बनली आहे: फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ सालची. १४५ पीएस, शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, आणि किंमत सुरू होत होती ९ लाख ९५ हजारांपासून. तेवढ्या पैशात तेवढी ताकद तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. तिला पाच सीट होत्या. चाकणची पोलो घ्या, सहा लाख एकोणचाळीस हजारांपासून मिळणारी २०१८ ची टियागो जेटीपी घ्या, २०२४ ची १२० पीएसची अल्ट्रोझ रेसर घ्या. आपल्या इथं ज्यांनी ज्यांनी हॉट हॅचचा नाद केला, त्यांनी मागची सीट जागेवर ठेवूनच केला. याला कारण आहे.

आपल्याकडं गाडी एका माणसाची नसते. केज, धारूर, वडवणी, कुठंही जा. गल्लीत एक चारचाकी आली की ती गल्लीची होते. परळीला वैजनाथाला जायचं, कुणाचं पोरगं परीक्षेला सोडायचं, लग्नात नवरदेव आणायचा. “मागं जागा हाय का?” हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. मायलेज नंतर.

मागच्या वर्षी माझ्या आजीला रात्री अडीच वाजता धाप लागली. मी पुण्यात, गावाकडं आई-बाबा दोघंच. समोरच्या घरात गाडी होती. आजीला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं आईच्या मांडीवर, बाबा पुढं. तसंच अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आजी आज ठणठणीत आहे, माझ्या नावानं ओरडत असते. ती गाडी याच मित्राची स्विफ्ट. व्हॉइस नोट ऐकताना मला बकेट सीट दिसलीच नाही, ती रात्रच दिसली. त्या रात्री त्या गाडीत मागची सीट नसती तर? यापुढं मला त्याला वेगळं काही समजवायची गरज वाटत नाही. तरी बाकीच्यांसाठी दोन मुद्दे सांगतो.

पहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर कंपनीच्या मूळ माहितीनुसार जे लिहिलंय त्यात परस्पर बदल करता येत नाही, आणि आसनक्षमता आरसीवरच असते. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो तो वेगळाच. रेनोची दोन सीटची गाडी कागदावरही दोन सीटचीच असते. तुमची कागदावर पाचची, आतून दोनची. फरक इथं आहे.

दुसरा सेफ्टी. मागच्या सीटची पाठ डिकीतलं सामान अडवते. ती काढली की जोरात ब्रेक दाबल्यावर जॅक, टूलबॉक्स, पाण्याचा कॅन सगळं तुमच्या मानेकडं येतं. म्हणून तर मिनीनं जीपीमध्ये सीटच्या जागी आडवा बार टाकला. काही पोरं रोल केज बसवतात. हेल्मेटशिवाय त्या लोखंडावर डोकं आपटलं तर छोट्या धडकेतही जीव जाऊ शकतो. रेसची गाडी हा एक पूर्ण सेट असतो: केज, बकेट सीट, हार्नेस, हेल्मेट. त्यातलं अर्धंच उचललं तर गाडी मूळ कंपनीच्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची होते.

आणि ही गाडी पळवणार कुठं? धारूरच्या घाटात? रील बघितल्यात मी तसल्या. आपल्या भागात दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की वळणापलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर असतो, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॉलीवर ऊसतोडीला निघालेली आपलीच माणसं बसलेली असतात. तिथं तुमची गाडी ४० किलोनं हलकी आहे का जड, याला शून्य किंमत आहे.

मग या गाडीला अर्थ कुणासाठी? ज्याच्याकडं घरची दुसरी गाडी आहे, ट्रॅकवर जायला वेळ आणि पैसा आहे, आणि गाडी कारखान्यातूनच तशी आली आहे, त्याच्यासाठी. युरोपात असे लोक आहेत, ट्रॅक त्यांच्यापासून तास-दोन तासांवर आहेत. आपल्याला चेन्नईजवळच्या इरुंगाटुकोट्टईच्या ट्रॅकवर जायचं तर बीडहून हजारेक किलोमीटर. एवढा प्रवास एसी आणि साउंडप्रूफिंगशिवाय करून दाखवा, मग बोलू!

तरी अशा गाड्या बनतात याचा मला आनंदच आहे. सगळ्या गाड्या दरवर्षी जाड होत चालल्यात, तेव्हा कुणीतरी ग्रॅम मोजत बसलंय हे बघून बरं वाटतं. त्यांच्याकडून आपण वजनाबद्दलचा विचार घ्यायचा, पाना घेऊन सीटवर तुटून पडायचं नाही.

मित्राला मी हे सांगितलंय. पहिल्यांदा डिकीतला सबवूफर काढ. मोठा डबा घेऊन फिरायचं आणि हलक्या गाडीच्या गप्पा मारायच्या, हे काही जुळत नाही. दुसरं, मोठे अलॉय नको. ते बहुतेक वेळा जड असतात, आणि चाकाचं वजन इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन तिघांनाही त्रास देतं. तिसरं, बकेट सीटचे पैसे चार चांगल्या टायरांत घाल. गाडी आणि रस्ता यांच्यात टायरशिवाय दुसरं काहीच नसतं. ब्रेक पॅड बदल, ब्रेक ऑइल बदल, अलाइनमेंट कर, दबलेले शॉकॲब्सॉर्बर नवे टाक. यातलं काहीही आरसीला धक्का लावत नाही आणि फरक पहिल्याच वळणावर कळतो.

आणि खाज राहिलीच तर ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानावर कोन मांडलेले असतात, एका वेळी एकच गाडी, डोक्यावर हेल्मेट, समोर स्टॉपवॉच. पुण्याकडं असे इव्हेंट होतात. ते अधिकृत आहेत ना, एफएमएससीआयची मान्यता आहे ना, एवढं तपासा आणि जा. साध्या गाडीतही आपण किती कच्चे आहोत हे तिथं पाच मिनिटांत कळतं. दोन-तीन वर्षं तिथं घासल्यावर वाटलंच, तर पाच जण मिळून एक जुनी गाडी फक्त स्पर्धेसाठी तयार करा. ती पूर्ण सोला, केज बसवा, ट्रकवर टाकून न्या. ती गाडी घराची नसेल, त्यामुळं तिच्या मागच्या सीटची वाट कुणी बघत नसेल.

तुमच्या गाडीत सगळ्यात जड आणि सगळ्यात बिनकामाची वस्तू कोणती, ते मोजून व्हॉइस नोट पाठवा. अंदाज नको हां, काट्यावर ठेवून किलोत सांगा. पुढच्या भागात जमा करून ऐकवतो. चला, भेटू. आणि मागं बसणाऱ्यांनी पण सीटबेल्ट लावा!