मचाण : वन्यजीव निरीक्षणासाठी लाकडी मनोऱ्याची रचना



मचाण हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. ज्वारीच्या शेतात पाखरे हाकण्यासाठी आणि रात्री रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी चार बल्ल्यांवर बांधलेला माळा गावोगावी परिचित आहे. जंगलातील मचाणाचा इतिहास मात्र निराळा आहे. एकेकाळी तेथे बंदूक घेऊन शिकारी बसत असे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर मचाणाचे प्रयोजनच पालटले. बंदुकीची जागा दुर्बिणीने आणि नोंदवहीने घेतली.

ताडोबा हे १९५५ साली स्थापन झालेले राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथे, तसेच मेळघाट, पेंच, नवेगाव आणि नागझिऱ्याच्या रानांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठी मचाणावर बसून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याचा प्रघात पडला. २००६ पासून वाघांची देशव्यापी गणना स्वयंचलित कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे होऊ लागली. त्यामुळे पाणवठ्यावरील या नोंदीला आता प्रामुख्याने लोकशिक्षणाचे स्वरूप आले आहे. साहजिकच मचाणावर आता केवळ अनुभवी वनरक्षक नसतात. शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार असे नवखे नागरिकही असतात. त्यांचा जीव चार खांबांच्या भरवशावर असतो, आणि खाली येणाऱ्या प्राण्याचा जीव पाण्याच्या भरवशावर असतो. मनोऱ्याची रचना या दोन्ही भरवशांना पात्र ठरली पाहिजे.

जागेची निवड

मे महिन्यात नाले आटतात आणि मैलोगणती एखादाच पाणवठा उरतो. तेथे माणसाची चाहूल लागून प्राणी तहानलेला परतला, तर निरीक्षण हा अपकारच ठरेल. म्हणून मनोरा पाण्याच्या अगदी काठावर नसावा. पन्नास-साठ मीटरांचे अंतर राखावे. प्राण्यांच्या नित्याच्या वाटा पावलांच्या खुणांवरून आधी ओळखाव्यात आणि त्या टाळून निरीक्षकांची पायवाट मनोऱ्याच्या मागील बाजूने न्यावी.

दिशेचा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. सायंकाळी प्रकाश पाठीशी हवा, म्हणून मनोरा पाणवठ्याच्या पश्चिमेस उभारावा, असे प्रथम सुचते. परंतु विदर्भात उन्हाळ्यातील वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वाहतो; तो माणसाचा वास थेट पाण्यावर नेईल. दक्षिणेची बाजू घेतली तर हा दोष टळतो. शिवाय वैशाखी पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री दक्षिण आकाशात असतो. त्याचे चांदणे निरीक्षकाच्या पाठीमागून पाणवठ्यावर पडते. मात्र मनोऱ्याच्या मागे दाट झाडी असावी, नाहीतर उजळ आकाशावर माणसांच्या आकृती स्पष्ट उमटतात.

उंची किती असावी?

उंच मनोरा म्हणजे उत्तम मनोरा, हा समज साधा हिशेब केल्यास टिकत नाही. साठ मीटरांवर १.२ मीटर उंचीचे झुडूप आहे असे समजू. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची दृष्टी दीड मीटरवर असते. त्याला त्या झुडपामागील सुमारे २४० मीटर जमीन दिसत नाही. मनोऱ्याची फळी ६ मीटरांवर असेल, तर उभ्या माणसाची दृष्टी साडेसात मीटरांवर येते आणि झाकलेली जमीन केवळ ११ मीटर उरते. दृष्टी १२ मीटरांवर नेली तरी ती सात मीटरांच्या आसपास राहते. म्हणजे वाढीव साडेचार मीटरांनी लाभ होतो तो चार-पाच मीटरांचाच. वाऱ्याचा धोका मात्र फार वाढतो. पाणवठ्यावरील निरीक्षणासाठी सहा मीटरांची उंची पुरेशी म्हणता येईल.

वाऱ्याचा हिशेब

मनोऱ्याला माणसांच्या भारापेक्षा वळवाच्या वादळाचे भय अधिक असते. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग दर सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलोग्रॅम होतो. मचाणाची अडीच मीटर रुंद व दोन मीटर उंच बाजू फळ्यांनी पूर्ण बंद केली, तर तिच्यावर जवळजवळ ५९० किलोग्रॅमचा रेटा येतो, तोही सात मीटर उंचीवर. पायथा चार मीटर रुंद असेल, तर वाऱ्याकडील दोन खांब मिळून हजार किलोग्रॅमहून अधिक बळाने वर उचलले जाऊ पाहतात. लाकडी मनोऱ्याचे स्वतःचे वजन तेवढे रोखण्यास पुरेसे नसते. म्हणून पायाने भार पेलला पाहिजे, तसेच खांब उपटला जाऊ नये म्हणून त्याला धरूनही ठेवले पाहिजे.

यातून रचनेचे नियम आपोआप निघतात. खांब वरून खाली पसरत जावेत. चारही बाजूंना तिरके टेकू द्यावेत. कारण चौकोन मोडतो, त्रिकोण मोडत नाही. मुख्य सांध्यांना खिळ्यांऐवजी रुंद वॉशरसह बोल्ट वापरावेत. आडोशासाठी सलग फळ्यांऐवजी बांबूचे विरळ तट्टे लावावेत, म्हणजे माणूस झाकला जातो आणि वाराही निघून जातो. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी : वाघ दिसताच सारी मंडळी एकाच कठड्याकडे सरकतात. सहा माणसांचा साडेचारशे किलोग्रॅम भार एकाच कडेवर येईल, असे धरूनच तुळया आणि कठडा बांधावा. मनोरा जिवंत झाडाला जखडू नये. झाड झुलते आणि खिळ्यांनी त्याला इजा होते. विजांचा कडकडाट होत असताना लाकडी मचाण सुरक्षित नसते, म्हणून कायम मनोऱ्यास तडितवाहक हवाच.

लाकूड आणि त्याचे शत्रू

चंद्रपूरच्या रानातील साग या कामी उत्तम. परंतु टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. बाहेरचे फिकट लाकूड वाळवी सहज पोखरते. लाकूड सावलीत वाळवून मगच वापरावे. ओलावा सुमारे २० टक्क्यांहून अधिक राहिला की बुरशीला वाव मिळतो. खांब थेट मातीत पुरल्यास तो जमिनीलगत, जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तेथेच प्रथम कुजतो. त्याऐवजी काँक्रीटच्या पायात पक्की केलेली लोखंडी पट्टी वर काढून तिच्यात खांब बोल्टने बसवावा. खांबाची माथ्याची टोके उघडी न ठेवता पत्र्याने झाकावीत.

देखभाल

मनोरा बांधला की काम संपले, असे नाही. लाकूड वाळून आकसते आणि बोल्ट सैल होतात. दरवर्षी पावसाळ्यानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक सांधा तपासावा, खांबाच्या बुडाशी टोच्याने टोचून पाहावे, छताखाली आग्यामोहोळ तर नाही याची खात्री करावी. शिडीची एक पायरी सैल असेल, तरी तो मनोरा त्या वर्षी बंद ठेवावा. किती माणसांसाठी तो बांधला आहे, हा आकडा पायथ्याशी ठळक लिहावा आणि पाळावा.

पहाटे निरीक्षक खाली उतरून निघून जावेत आणि पाणवठ्याला रात्रभर माणूस जवळ होता हे कळूही नये, अशी रचना साधली तर मचाणाचे नवे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.